विश्रांती घ्या म्हणता, खाडा कोण भरणार?

हा लेख रागाने लिहिते आहे, आणि त्यातला बराचसा राग स्वतःवरचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

तीन हिवाळ्यांपूर्वी आमच्या गटाने ऊसतोड बायकांसाठी गरोदरपणातल्या आरोग्याचं एक शिबिर घेतलं. शिबिर म्हणजे काय, तर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यामागची कोप्यांची वस्ती, संध्याकाळची वेळ, चुली पेटलेल्या, आणि आम्ही तिघीजणी तक्ते घेऊन उभ्या. बायका फडातून नुकत्याच आलेल्या. कुणी भाकरी थापत होती, कुणी पोराला पाजत होती, कुणी वाढ्याच्या भाऱ्याला टेकून नुसतीच बसली होती. माझ्या हातात नेहमीचाच तक्ता. गरोदर बाईने रात्री आठ तास झोपावं, शिवाय दुपारी दोन तास आडवं व्हावं, जड ओझं उचलू नये, चौरस आहार घ्यावा, मन प्रसन्न ठेवावं. चित्रातली बाई गोरीपान, पलंगावर निजलेली, शेजारी फळांची टोपली. हा तक्ता मी किती वर्षं, किती गावांतून नेला असेन, हिशेब नाही.

अगदी पुढे सातव्या महिन्यातली एक मुलगी बसली होती. मुलगीच म्हणायची, विशी जेमतेम गाठलेली. दुसरं गरोदरपण. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमी सांगता ते समदं खरं हाय. पन दुपारचं पडून ऱ्हायलं तर खाडा कोन भरनार? तुमी?"

बायका हसल्या. मीही हसले. मग काहीतरी बोलले. नवऱ्याला समजावून सांगा, मुकादमाशी बोलून बघा, वगैरे. तिने मान हलवली, पदर खोचला आणि भांडी घासायला उठून गेली. शिबिराच्या अहवालात आम्ही लिहिलं, 'महिलांचा प्रतिसाद चांगला होता.'

ज्या मैत्रिणी ऊसपट्ट्यात काम करत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, सोलापूर या भागांतून दरवर्षी लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला बाहेर पडतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत घरी येत नाहीत. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात. कामाला निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती उचल हंगामभर टनावारी काम करून फेडायची. आणि काम माणसागणिक धरत नाहीत, कोयत्यागणिक धरतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, हिशेब नवऱ्याशी. बाई त्या कोयत्याचा अर्धा भाग, पण कागदावर ती कुठेच नाही. जोडीतलं एक जरी कामाला आलं नाही, तर तो खाडा. खाड्याचा दंड उचलीत चढतो. त्या फडात तो दिवसाला पाचशे रुपये होता. ताप आला तरी खाडा, पाळीत कंबर धरली तरी खाडा, पोटात दुखलं म्हणून सरकारी दवाखान्यात रांगेला उभं राहिलं तरी खाडा.

कामाचं स्वरूप काय? पहाटे चार वाजता, कधी त्याच्याही आधी उठायचं, थंडीत फडात जायचं. नवरा ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते, आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला. मग स्वयंपाक, पाणी, धुणं. फडात संडास नाही. म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात. पाणी कमी प्यायलं आणि लघवी तुंबवली की लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि गरोदरपणात तो तसाच राहिला तर वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. हे कुठल्याही नर्सबाईला विचारा. पण तक्त्यावर काय लिहिलेलं असतं? 'भरपूर पाणी प्या.'

कुणी म्हणेल, हे ऊसतोडीचं टोकाचं उदाहरण आहे. टोकाचं आहे खरं. पण वीटभट्टीवर काय वेगळं आहे? मुंबई-पुण्यात बांधकामावर पाट्या उचलणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, कापूस वेचणारी, रोवणीला चिखलात वाकलेली बाई दुपारचे दोन तास कुठे आणि कुणाच्या पैशाने पडणार आहे? गरोदर बाईने आराम करावा हा सल्ला देणं फुकट आहे. तो घेणं फुकट नाही. हा एवढा साधा हिशेब आरोग्य खात्याच्या डोक्यात शिरत नाही असं मी मानत नाही. शिरतो. पण हिशेब मांडला तर पैसे द्यावे लागतील. त्यापेक्षा तक्ता छापणं स्वस्त.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. गरोदरपणातल्या तपासण्या, गोळ्या, लसी यांच्या विरोधात मी नाही. आपल्यातल्या काहीजणी आधुनिक वैद्यकावरच्या रास्त रागापोटी गोळीलाच नाव ठेवतात, ते मला पटत नाही. दिवस गेल्याचं कळताच नाव नोंदवावं, पहिल्या तीन महिन्यांतच. किमान चार वेळा तपासणी व्हावी आणि प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासलीच जावी. रक्तदाबाचा पट्टा न लावता कार्डावर आकडा लिहिलेला मी पाहिला आहे, तो पट्टा मागून घ्यावा. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. या गोष्टींनी जीव वाचतात. महाराष्ट्रात २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीनुसार लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशात हाच आकडा ९७ होता. राज्यात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. आशाताई, अंगणवाडीताई आणि उपकेंद्रातल्या नर्सबाई यांनी तुटपुंज्या मानधनावर आणि पगारावर हे काम उभं केलं आहे, आणि त्यांच्या संपात आपण त्यांच्याबरोबर असलंच पाहिजे.

पण दवाखान्यात पोचेपर्यंत नऊ महिने असतात. त्या नऊ महिन्यांत बाईचं रक्त, वजन आणि श्रम यांचं काय होतं, तिथे आपला आकडा लाज आणणारा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात सुमारे ४६ टक्के. लोहाच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. पन्नास वर्षं गोळ्या वाटून जवळपास निम्म्या गरोदर बायकांचं रक्त कमीच आहे. यावर खात्याचं उत्तर ठरलेलं आहे: बायका गोळ्या खात नाहीत. आणि खरंच, १८० दिवस गोळ्या घेतल्या असं सांगणाऱ्या बायका त्याच पाहणीत देशभरात २६ टक्केच होत्या.

का खात नाहीत, हे कुणी बसून विचारलं का? आम्ही विचारलं. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, आणि पहाटे चारला पोट रिकामंच असतं. दिवसाची पहिली गोष्ट पोटात जाते ती चहा, आणि चहाबरोबर घेतलेलं लोह अंगी लागत नाही. या गोळीने शौच काळं होतं, घट्ट होतं. ज्या बाईला उजाडायच्या आत उसाच्या आडोशाला घाईघाईने उरकायचं असतं, तिला बद्धकोष्ठता म्हणजे काय, हे शौचालय असलेल्या घरात बसून कळणार नाही. एकीने तर सरळ सांगितलं, गोळी खाल्ली की भूक लागते, आणि भूक लागून काय उपयोग? हे ऐकून 'महिलांमध्ये जनजागृतीचा अभाव' असं लिहायला आमचा हात धजला नाही. एरवी तोच शब्द आम्हीही कितीदा वापरला आहे.

अडाणीपणाचा शिक्का बायकांवर मारायला सगळेच पुढे असतात. 'कमी खा, नाहीतर मूल मोठं होईल आणि बाळंतपण अवघड जाईल,' असं सासू सुनेला सांगते. डॉक्टर या वाक्यावर हसतात. मी पूर्वी हसायची. आता वाटतं, जिची उंची लहानपणीच्या उपासमारीने खुंटली आहे, जिचं वजन चाळीस किलो आहे, आणि जिने शेजारच्या गावात अडलेली बाई बैलगाडीत मेलेली पाहिली आहे, तिने मोठ्या मुलाची भीती बाळगली तर त्यात मूर्खपणा कुठे आला? सल्ला चुकीचा आहे, कमी खाल्ल्याने बाळ अशक्त होतं आणि आई आणखी खचते, हे तिला नीट सांगायलाच हवं. पण ती भीती अनुभवातून आलेली आहे. सिझेरियनची सोय हाताशी आहे याची खात्री झाली की ती जाते. टिंगलीने जात नाही.

आणि श्रमाचा बाळावर परिणाम होतो, हे आता केवळ बायका सांगतात म्हणून मानायचं असंही नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा बारकाईने अभ्यास केला. गरोदरपणाआधी या बायकांचं सरासरी वजन साधारण ४२ किलो होतं. ज्या बायकांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त होतं त्यांची बाळं आकाराने मोठी निघाली. आणि ज्यांच्या वाट्याला शेतातले, पाणी वाहण्याचे, घरातले कष्ट जास्त होते त्यांची बाळं लहान निघाली. म्हणजे आमच्या फडातल्या मुलीने जो प्रश्न विचारला तो शास्त्राच्या दृष्टीनेही नेमका होता. नुसती गोळी पुरत नाही. पालेभाजी हवी आणि ओझं खाली ठेवता यायला हवं. पालेभाजीला पैसे लागतात, ओझं खाली ठेवायलाही पैसे लागतात.

हे पैसे कुणी द्यायचे, या प्रश्नाला आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२८ साली मुंबई विधान परिषदेत गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या समाजाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार सरकारने उचलावा, बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांपर्यंत बारा आठवड्यांची पगारी रजा सव्वीस आठवडे झाली. आता या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, सव्वीस आठवडे तेच आहेत. टाळ्या वाजल्या, वर्तमानपत्रांनी पुरवण्या काढल्या. पण ही रजा मिळते कुणाला? जिच्याकडे नेमणुकीचं पत्र आहे, हजेरीपट आहे, पगाराची पावती आहे तिला. देशातल्या बहुसंख्य कष्टकरी बायकांकडे यातलं काही नाही. कोयत्यातल्या अर्ध्या बाईकडे तर स्वतःचं नावही नाही.

असंघटित बायकांसाठी काय, याचं उत्तर २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात आहे. त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये म्हटलं आहे की सरकारी नोकरीत असलेल्या किंवा अन्य कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या बायका सोडून प्रत्येक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अंगणवाडीतून मोफत आहार मिळेल आणि किमान सहा हजार रुपये मिळतील. 'प्रत्येक' हा शब्द नीट वाचा. कितवं मूल, मुलगा की मुलगी, असली अट तिथे नाही. संसदेने केलेला हा कायदा. मग २०१७ साली प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली आणि तिने काय केलं? सहाचे पाच हजार केले, आणि तेही फक्त पहिल्या मुलासाठी. उरलेल्या हजाराची भरपाई जननी सुरक्षा योजनेतून होते, असं सांगण्यात आलं. २०२२ पासून त्यात दुरुस्ती झाली: दुसरं मूल मुलगी झाली तर सहा हजार, एकरकमी.

मैत्रिणींनो, या दुरुस्तीचं कौतुक आपल्यातल्याच काही संघटनांनी केलं, म्हणून जरा थांबून बघू या. दुसऱ्या खेपेचे पैसे बाळ जन्मल्यावर, ते मुलगी आहे हे पाहून मिळणार. म्हणजे गरोदरपणात काही नाही. पोटात मुलगा वाढवणाऱ्या बाईचं रक्त कमी होत नाही का? तिच्या पायावर सूज येत नाही? मुलीच्या जन्माचं स्वागत करायचं तर जरूर करा, वेगळा पैसा द्या, वेगळ्या नावाने द्या. गरोदर बाईच्या पोटापाण्याचा पैसा बाळाचं लिंग बघून द्यायचा, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या लेखी बाई म्हणजे फक्त पिशवी आहे. गर्भलिंगनिदानाच्या विरोधात आपण रस्त्यावर उतरलो, १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा करवून घेतला, तो काय अशी योजना बघायला?

जिने मला खाड्याचा प्रश्न विचारला तिला पुढे मुलगा झाला. आठवा महिना भरेपर्यंत ती मोळ्या वाहत होती. कळा आल्या तेव्हा रुग्णवाहिका आली, जवळच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण सुखरूप झालं, पैसे लागले नाहीत, हे सगळं चांगलं झालं आणि ते सांगितलं पाहिजे. बाळ एक किलो नऊशे ग्रॅमचं. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड मी पाहिलं. गावाकडच्या नर्सबाईंनी चौथ्या महिन्यापर्यंत सुंदर अक्षरात भरलेलं, पुढची पानं कोरी. केंद्राच्या योजनेतून तिला काहीही मिळालं नाही. दुसरं मूल मुलगा, म्हणून अपात्र. आणि पहिल्या वेळी? पहिल्या वेळी ती सतरा वर्षांची होती. तेव्हा दवाखान्यात नाव घातलं तर पोलिसांत जाईल, नवरा आणि बाप आत जातील, या भीतीने घरच्यांनी तिला शेवटपर्यंत लपवून ठेवलं होतं. बीड जिल्ह्यात चाळीस टक्क्यांहून जास्त मुलींची लग्नं अठराच्या आत होतात, हे त्याच सरकारी पाहणीत आहे. ज्या पोरींना तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्याच सर्वांत जास्त लपवल्या जातात. बालविवाह थांबवायचे आहेतच. पण ज्यांचे झाले आहेत त्या मुलींना दवाखान्याच्या दारातून भीती घालून परत पाठवणं हा त्याचा उपाय नव्हे.

आता जरा पाटीवरचं गणित करू. नोकरदार बाईला सव्वीस आठवडे, म्हणजे १८२ दिवस पगारी विश्रांती. मजूर बाईला पाच हजार रुपये. १८२ ने भागा. दिवसाला साडेसत्तावीस रुपयेसुद्धा पुरते येत नाहीत. त्यातले तीन हजार बाळंतपणाआधी, दोन हजार नंतर, बाळाची नोंदणी आणि लसी झाल्यावर. आमच्या त्या फडाच्या भाषेत सांगायचं तर तीन हजार म्हणजे सहा खाडे. नऊ महिन्यांत सहा दिवस विश्रांती, तीही आधार कार्ड, बँक खातं आणि मोबाईल नंबर एकमेकांना जुळले तर. तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने १९८७ पासून योजना आहे, तिची रक्कम २०१८ पासून अठरा हजार आहे. त्यातही पहिल्या दोन बाळंतपणांची अट आहेच, पण निदान रकमेकडे बघून बाईची थट्टा केली असं वाटत नाही. आणि आपल्या राज्याकडे पैसे नाहीत हे तर कुणी सांगूच नये. २०२४ साली निवडणुकीच्या तोंडावर लाडक्या बहिणींना महिना दीड हजार देण्याची योजना महिनाभरात उभी राहिली. वयाची अट एकवीस ते पासष्ट. एकोणिसाव्या वर्षी गरोदर असलेली ऊसतोड पोर या बहिणींतही बसत नाही.

'पैसे दिले तर तिसरं-चौथं मूल होऊ देतील,' असं सभेत हमखास कुणीतरी म्हणतं, आणि म्हणणारा शिकलेला असतो. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत दर बाईमागे सरासरी १.७ मुलं होती. पाच-सहा हजारांसाठी कुठली बाई नऊ महिने पोट वाढवते, ती मला दाखवा. तिसऱ्या खेपेला बाईचं शरीर सर्वांत जास्त थकलेलं असतं, आणि नेमकं तेव्हा सरकार तिला सांगतं, ही चूक तुझी. मूल हवं की नको, किती हवीत, हे ठरवायची सत्ता तिच्या हातात कधी होती? 'नवरा दारूत घालवेल' हा दुसरा आक्षेप. घालवणारे घालवतील. सरकारी बाबूचा बोनसही दारूत जातो, म्हणून कुणी बोनस थांबवत नाही.

या सगळ्याच्या शेजारी शहरांत गर्भसंस्काराची दुकानं लागली आहेत, त्याबद्दल फार शाई खर्च करायची नाही. पोटातल्या बाळाला श्लोक ऐकवा, आईने सात्त्विक विचार करावेत, सीडी घ्या, आता ॲप घ्या. ज्यांना परवडतं त्यांनी संगीत ऐकावं, माझी ना नाही. पण बाळ अशक्त, चिडकं, मंद निपजलं तर त्याचा दोष आईच्या विचारांवर ढकलण्याची जी सोय यात आहे, ती आमच्या तक्त्यातल्या 'मन प्रसन्न ठेवा'ची सख्खी बहीण आहे. डोहाळजेवणाचंही तसंच. सातव्या महिन्यात एक दिवस तिला झोपाळ्यावर बसवायचं, फुलांचे दागिने घालायचे, पाच पक्वान्नं करायची, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखं सर्वांचं झाल्यावर उरलं तर ताटात घ्यायचं.

विश्रांती नाकारलेल्या शरीराचं पुढे काय होतं हेही आपण पाहिलं आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं. शासनाच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांशी बोललं गेलं, त्यांतल्या १३ हजार ८०० हून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहांतल्या एकीचं. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांतल्या. आपण डॉक्टरांच्या नफेखोरीवर बोललो, ते बरोबरच होतं. पण त्या बायका आपल्याशी बोलताना वेगळंही सांगत होत्या. पाळीतले खाडे, अंगावरून जाणारं पांढरं, बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत उचललेली मोळी, खाली आलेली पिशवी. एकदा काढून टाकलं की कटकट नाही. पहिल्या गरोदरपणात दोन महिने ओझं खाली ठेवता आलं असतं, तर त्यांतल्या किती जणी त्या टेबलावर चढल्याच नसत्या, याचा हिशेब कुठल्याही समितीने मांडलेला नाही.

मग आपण करायचं काय? आरोग्यशिबिरं बंद करू या असं मी म्हणत नाही. पण आमच्या गटाने तो पलंगावरच्या बाईचा तक्ता बाद केला आहे. नवीन तक्त्यावर एका बाजूला धोक्याची लक्षणं आहेत, दुसऱ्या बाजूला २०१३ च्या कायद्यातलं 'प्रत्येक गरोदर बाईला' हे कलम मोठ्या अक्षरात. आणि शिबिराची जागाही बदलली आहे. ऊस पेटला, चुली पेटल्या, की बाईला ऐकायला वेळ नसतो. खरी वेळ उचलीची. ऑगस्ट-सप्टेंबरात मुकादम गावात येतात, अंगठे होतात, तेव्हा आपण तिथे असायला हवं.

गेल्या वर्षी आम्ही दोन गावांत हे करून पाहिलं. मागण्या साध्या होत्या. उचलीच्या कागदावर बाईचं नाव आणि सही वेगळी. गरोदर बाईचा सहाव्या महिन्यानंतरचा आणि बाळंतपणानंतर दोन महिन्यांपर्यंतचा खाडा धरायचा नाही. त्या काळातली मजुरी कारखान्याने आणि ऊसतोड कामगारांसाठीच्या सरकारी महामंडळाने मिळून द्यायची, कारण प्रत्येक पोत्यात तिच्या डोक्यावरून गेलेला ऊस आहे. अंगणवाडीचा आहार आणि तपासणी जिथे ती जाईल तिथे, गावचा दाखला न मागता. फडाजवळ पाणी आणि संडास. एका गावात मुकादमाने बाईचं नाव कागदावर लिहिलं, बाकीच्यावर हसला. दुसऱ्या गावात त्याने सांगितलं की असल्या गरोदर बायका असतील तर कोयताच नको. हा धोका खरा आहे आणि आपल्याला तो लपवता येणार नाही. बायकांचाही त्यावरून आपसात वाद झाला. दोघी-तिघी बैठकीतून उठून गेल्या. म्हणूनच ही मागणी एका मुकादमाशी करून भागत नाही, ती कारखान्यांच्या आणि सरकारच्या दारात एकाच वेळी न्यावी लागेल, आणि ऊसतोड कामगारांच्या ज्या संघटना दरवाढीसाठी कोयता बंद करतात त्यांच्या मागणीपत्रात ती घालून घ्यावी लागेल. आजवर त्या पत्रांत टनाचा दर असतो, मुकादमाचं कमिशन असतं. गरोदर बाई मला तरी दिसलेली नाही.

यंदा पोळ्यानंतरच्या आठवड्यात बैठका घेण्याचं ठरलं आहे. ज्या गटांच्या भागातून कोयते जातात किंवा ज्यांच्या भागात येतात, त्यांनी आपापल्या गावांतल्या गरोदर बायकांची यादी, महिना आणि जायचं ठिकाण लिहून आणावं. यादीत नाव घालण्याआधी त्या बाईला विचारावं. तक्ता हवा असेल तर कळवा, कापडावरचे छापलेले आहेत.